आकडे सांगणाऱ्यांची परीक्षा

लॉटरीचा आकडा आधी ओळखून देतो, असे सांगणारा धंदा लॉटरीइतकाच जुना असावा. नेपल्समध्ये स्वप्नावरून आकडा काढून देणारी 'स्मॉर्फिया' नावाची कोष्टके पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत. एक ते नव्वद, प्रत्येक आकड्याला एखादी वस्तू किंवा प्रसंग जोडलेला. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचा भाव किती उघडला आणि कितीवर बंद झाला, यावर पैजा लागत. १९६०च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या मटक्याने ती जागा घेतली, आणि 'आज ओपनला काय?' या प्रश्नाचे उत्तर छातीठोकपणे देणारे पंडित चहाच्या टपरीवर भेटू लागले. इथे कॅनडात त्या पंडितांची जागा आधी पुस्तकांनी, मग घरच्या संगणकावर चालणाऱ्या प्रोग्रामांनी आणि आता दरमहा वर्गणी घेणाऱ्या 'कृत्रिम बुद्धिमत्ते'च्या सेवांनी घेतली आहे. वेष्टन बदलले, माल तोच.

पेशाने मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. डॉक्टरेटच्या दिवसांत माझे काम गोंगाटातून संदेश वेगळा काढण्याचे होते. त्यामुळे मंडळातली माणसे ही पुस्तके आणि हे प्रोग्राम 'जरा बघून दे' म्हणून माझ्याकडे आणून देतात. या लेखात त्यांचे परीक्षण करायचे आहे, टिंगल नाही. टिंगल सोपी असते आणि तिने कोणाचेही वर्गणीचे पैसे वाचत नाहीत. एखादी पद्धत निव्वळ दैवापेक्षा सरस आहे की नाही हे मोजता येते. ते कसे मोजायचे, एवढे सोडून बाकी सगळे या पुस्तकांत असते.

आपल्या परिचयाची लोटो ६/४९ घेऊ. १९८२पासून ती चालू आहे. ४९ आकड्यांतून सहा निघतात, म्हणजे एकूण शक्य संच १,३९,८३,८१६. पुस्तकांचा पहिला धडा 'गरम' आणि 'थंड' आकड्यांचा. मागच्या सोडतींचा तक्ता मांडायचा, वारंवार आलेले आकडे गरम, क्वचित आलेले थंड. काही लेखक म्हणतात गरम खेळा, कारण ते 'फॉर्मात' आहेत. काही म्हणतात थंड खेळा, कारण त्यांची 'पाळी' आली आहे. माझ्या हाती आलेल्या एका पुस्तकात हे दोन्ही सल्ले लागोपाठच्या प्रकरणांत आहेत.

आता एक पूर्णपणे निर्दोष यंत्र कल्पनेत घ्या आणि १,००० सोडती काढा. प्रत्येक आकडा सरासरीने १२२ वेळा यायला हवा. पण सगळी मेख त्या 'सरासरीने'मध्ये आहे. प्रत्येक आकड्याची मोजणी या सरासरीभोवती दहाएकाने इकडेतिकडे होणारच, आणि आकडे ४९ असल्यामुळे त्यांतला सर्वांत पुढचा साधारण १४५च्या आसपास आणि सर्वांत मागचा १००च्या आसपास पोहोचतो. एक १४५ वेळा, दुसरा १०० वेळा! असा तक्ता समोर आला की शहाण्या माणसालाही वाटेल, इथे काहीतरी पाणी मुरते आहे. यंत्राने काहीच केलेले नाही. उलट सगळे ४९ आकडे १२२-१२३ वेळा आले असते तर मी पोलिसांना फोन केला असता.

यंत्र खरेच एकांगी आहे का हे तपासायला संख्याशास्त्रात काय-वर्ग कसोटी आहे, आणि एकदोन पुस्तकांत ती वापरलीही आहे. पण एका सोडतीतले सहा चेंडू परत न टाकता काढलेले असतात. म्हणून नेहमीच्या सूत्राचे उत्तर तसेच न घेता त्याला ४८/४३ने गुणावे लागते. ही दुरुस्ती मला कोणत्याच पुस्तकात दिसली नाही. गंमत म्हणजे ती विसरल्याने तोटा त्या लेखकांचाच होतो. यंत्र आहे त्याहून अधिक निर्दोष भासते. आपल्याच बाजूची चूकही धड करता येऊ नये, याला काय म्हणावे?

दुसरा आवडता सल्ला बेरजेचा. सहा आकड्यांची बेरीज ११५ ते १८५च्या दरम्यान ठेवा, कारण 'बहुतेक जॅकपॉट याच पट्ट्यात लागतात'. हे विधान खरे आहे. ६/४९मध्ये बेरजेची सरासरी १५० येते आणि प्रमाण विचलन सुमारे ३३, त्यामुळे सुमारे सत्तर टक्के सोडती या पट्ट्यात पडणारच. पण पडतात कशाने? कारण एकूण संचांपैकी सुमारे सत्तर टक्के संचच त्या पट्ट्यात आहेत. तुमचा एक संच मात्र पट्ट्याच्या आत असो की बाहेर, एक कोटी एकोणचाळीस लाखांतला एकच राहतो. महाराष्ट्रातले बहुतेक लोक मराठी बोलतात म्हणून समोरच्या ठरावीक माणसाचे नाव कुलकर्णी असण्याची शक्यता वाढत नाही, तसेच हे. वाईट पुस्तके खोटे बोलतात असा आपला समज असतो. या प्रकारातली चलाख पुस्तके खरेच बोलतात, आणि त्या खऱ्याचा उपयोग शून्य असतो.

'पाळी आली आहे' या कल्पनेने किती नुकसान होऊ शकते याचा दाखला इटलीत मिळाला. तिथल्या लोटोत शहराशहरांची वेगळी सोडत असते आणि प्रत्येकीत ९० आकड्यांतून पाच निघतात. व्हेनिसच्या सोडतीत ५३ हा आकडा १८२ सोडती निघालाच नाही. लोकांनी त्याच्यावर साडेतीन अब्ज युरोंहून अधिक पैसे लावले. घरे गहाण पडली, आत्महत्या झाल्या. अखेर ९ फेब्रुवारी २००५ रोजी तो निघाला. इतका वेळ एखादा आकडा रुसून बसण्याची शक्यता किती? एकदा निघाल्यावर पुढच्या १८२ सोडतींत न येण्याची शक्यता सुमारे ३३,००० मध्ये एक. ऐकायला अचाट वाटते. पण तेव्हा शहरे दहा आणि आकडे नव्वद, म्हणजे रुसायला उमेदवार ९००. आठवड्याला दोन सोडती धरल्या तर वर्षभरात असे सुमारे ५,२०० नवे 'रुसवे' सुरू होतात. त्यांतला एखादा १८२पर्यंत लांबण्याचा योग सरासरीने सहा-साडेसहा वर्षांतून एकदा येतो. म्हणजे जे आभाळ कोसळल्यासारखे वाटले, ते अधिक महिन्यासारखे नेमाने नसले, तरी अधूनमधून येणारेच होते. आणि एकशे ब्याऐंशीव्या दिवशीही ५३ निघण्याची शक्यता पहिल्या दिवसाइतकीच होती, अठरात एक. चेंडूला आठवण नसते.

आता प्रोग्रामांकडे वळतो. त्यांच्या जाहिरातीत हमखास एक आलेख असतो: 'आमच्या पद्धतीने मागच्या दोनशे सोडतींत इतक्या वेळा चार आकडे आणि इतक्या वेळा पाच आकडे ओळखले असते.' या वाक्यातला 'असते' नीट वाचावा. ज्या दोनशे सोडती पाहून पद्धत बसवली, त्याच दोनशे सोडतींवर तिची परीक्षा घेतलेली असते. पेपर आधी फोडायचा, उत्तरे घोकायची, आणि मग शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण मिळाले म्हणून पेढे वाटायचे. आमच्या व्यवसायात कोणी उमेदवार अशी चाचणी घेऊन आला तर त्याला चहा देऊन परत पाठवतील. प्रोग्राममध्ये फिरवायच्या कळा पुरेशा असल्या की भूतकाळ कितीही घट्ट बसवता येतो. पुढच्या बुधवारी त्याचा काडीचा उपयोग नसतो.

म्हणून परीक्षा पुढच्या सोडतींवर घ्यावी लागते. अशी एक मी वर्षभर घेतली. आमच्या मंडळातले एक काका, नोकरीतून निवृत्त, पेन्शनवर राहणारे, अशाच एका सेवेचे वर्गणीदार झाले होते. पुढे त्यांनी तीनचार समवयस्कांना गोळा करून मोठी रक्कम लावण्याचा बेत केला. काकू काळजीत होत्या. काका माझ्याकडे आले ते परवानगी मागायला नव्हे, शिक्का मारून घ्यायला. म्हणाले, "अरे, तू पीएच.डी. ना? मग एवढं तपासून दे. म्हणजे हिचं तोंड बंद होईल." मी म्हटले, "काका, तपासतो. पण नियम आधी लिहायचे आणि वर्षभर मोडायचे नाहीत. तोवर तुम्ही मोठी रक्कम लावायची नाही."

नियम थोडे होते. सेवेने दिलेले सहा आकडे सोडतीच्या आदल्या दिवशी माझ्याकडे लिहून पोहोचले पाहिजेत. नंतर बदल नाही. बोनसचा आकडा धरायचा नाही. बुधवार आणि शनिवार मिळून १०४ सोडती पुऱ्या करायच्या, मध्येच 'आता कळलं' म्हणून थांबायचे नाही. शिवाय शेजारी तुलनेसाठी पोह्यांच्या रिकाम्या डब्यात ४९ चिठ्ठ्या ठेवल्या. दर वेळी काकूंनी डोळे मिटून सहा काढायच्या. खरे तर डब्याची गरज नव्हती, दैवाने किती जुळावेत हे कागदावर निघते. पण काकांचा सूत्रावर विश्वास नव्हता, डब्यावर होता.

कागदावरचा हिशोब असा. दैवाने एका सोडतीत सहापैकी सरासरी ०.७३ आकडे जुळतात. शंभरातल्या सुमारे ४४ सोडतींत एकही जुळत नाही, ४१त एक, १३त दोन. तीन किंवा अधिक जुळण्याचा योग साधारण ५४ सोडतींत एकदा. जाहिरातीत या शेवटच्या घटनेलाच 'यश' म्हणतात. १०४ सोडतींत मिळून दैवाने सुमारे ७६ आकडे जुळावेत, आणि ६१ ते ९२ हा पट्टा नेहमीच्या चढउताराचा. हा पट्टा आम्ही पहिल्याच दिवशी लिहून सही करून ठेवला.

वर्षभरात काकांनी दोनदा सवलत मागितली. "ह्या वेळचा धरू नको, त्यांनी नंतर सुधारित आकडे पाठवले." धरला. वर्षअखेर सेवेची बेरीज पट्ट्याच्या मधोमध पडली. डब्याची तिच्याहून तीनने जास्त होती, पण त्यालाही काही अर्थ नाही; काकूंच्या हाताला गुण आहे असे म्हणणे हा त्याच चुकीचा दुसरा अवतार झाला असता.

तेव्हा काकांनी एक प्रश्न विचारला, आणि तो या सगळ्या पुस्तकांतल्या कोणत्याही प्रश्नापेक्षा चांगला होता. "समजा पद्धत थोडीशीच सरस आहे, पाच टक्के. ते तुझ्या १०४ सोडतींत दिसेल?" दिसणार नाही. पाच टक्क्यांचा फरक खात्रीने वेगळा काढायला सुमारे १,७०० सोडती लागतील, म्हणजे सोळा वर्षांहून अधिक. "म्हणजे तुझी परीक्षाच कच्ची," काका म्हणाले.

इथे थोडे थांबायला हवे, कारण कसोटी घेणारेही इथेच घाई करतात. फरक सापडला नाही याचा अर्थ फरक नाही असा होत नाही. तो शोधण्याइतकी आपली चाळणी बारीक होती का हे पाहावे लागते. पण चाळणी किती बारीक हवी हे पैशांवरून ठरते. लॉटरीच्या तिकिटातला साधारण निम्मा पैसाच बक्षिसांत परत येतो. म्हणजे पद्धत फायद्याची व्हायला तिने परतावा दुप्पट केला पाहिजे. प्रत्येक आकडा ओळखण्यात पाच टक्के सरसपणा असेल तर ढोबळमानाने तीन जुळण्याची शक्यता १६ टक्क्यांनी वाढते आणि सहाही जुळण्याची ३४ टक्क्यांनी. डॉलरमागे परत येणारे पन्नास सेंट फार तर सदुसष्ट होतील. काका सोळा वर्षे वाट पाहून कमी वेगाने बुडाले असते, एवढेच. पदरात काही पडायला सरसपणा वीस टक्क्यांच्या आसपास हवा. आणि तो असता तर आमची बेरीज ७६ऐवजी ९२च्या घरात गेली असती, म्हणजे एका वर्षात डोळ्यांत भरली असती. निरुपयोगी सरसपणासाठी आमची परीक्षा कच्ची होती. उपयोगी सरसपणासाठी पुरेशी होती.

आणखी एक फसगत. वीस वेगवेगळ्या पद्धती तपासल्या आणि 'दैवाने वीसात एकदाच घडेल' असे काही दिसले की पास करायचे ठरवले, तर सगळ्या पद्धती फुसक्या असूनही निदान एक पास होण्याची शक्यता ६४ टक्के. जाहिरात त्या एकीचीच येते. २०२५ साली व्हर्जिनियातल्या एका बाईंनी चॅटजीपीटीकडून आकडे घेऊन पॉवरबॉलमध्ये दीड लाख डॉलर जिंकले (आणि सगळे दान केले, ही त्यातली खरी मोठी गोष्ट). बातमी जगभर गेली. त्याच आठवड्यात त्याच यंत्राला आकडे विचारून ज्यांची तिकिटे केराच्या टोपलीत गेली, त्यांची बातमी कोण देणार?

मग दैवाला कोणी हरवलेच नाही का? हरवले आहे, आणि अशा प्रत्येक वेळी साधी मोजणी केली असती तरी ते दिसले असते. सर्वांत बोलके उदाहरण आपल्या ऑन्टेरियोतले. २००६ साली सीबीसीच्या 'फिफ्थ इस्टेट' कार्यक्रमासाठी टोरांटो विद्यापीठातील संख्याशास्त्रज्ञ जेफ्री रोझेन्थल यांनी १९९९पासूनची मोठी बक्षिसे तपासली. तिकिटे विकणाऱ्या दुकानदारांना आणि त्यांच्या नोकरांना दैवाने सुमारे ५७ बक्षिसे लागायला हवी होती. लागली होती सुमारे २००. ५७च्या भोवती नेहमीचा चढउतार सात-आठाचा. हा फरक त्याच्या एकोणीस पट! या मंडळींकडे कोणती गुप्त पद्धत होती? त्यांतले काही जण गिऱ्हाइकाचे तिकीट तपासताना 'काही लागलं नाही' म्हणत आणि ते स्वतःच्या खिशात घालत. २००७ साली प्रांताच्या लोकपालांचा अहवाल आला, आणि त्यानंतर तिकिटावर सही करण्याची आणि निकाल गिऱ्हाइकाला दिसेल असा दाखवण्याची सक्ती झाली.

दुसरे उदाहरण माझ्या व्यवसायाला लाज आणणारे. अमेरिकेतल्या मल्टि-स्टेट लॉटरी असोसिएशनचे माहिती-सुरक्षाप्रमुख एडी टिप्टन यांनी आकडे काढणाऱ्या संगणकातच अशा ओळी घुसवल्या की वर्षातल्या ठरावीक दिवशी निकालांचा आवाका लहान होई आणि तो त्यांना आधी कळे. डिसेंबर २०१०च्या एका तिकिटाचे दीड कोटी डॉलरहून मोठे बक्षीस संशयास्पद रीतीने मागितले गेले म्हणून प्रकरण फुटले. २०१७ साली त्यांना पंचवीस वर्षांपर्यंतची शिक्षा झाली. त्याआधी १९८० साली पेनसिल्व्हेनियात चेंडूंवर रंग टोचून ते जड केले होते, चार आणि सहा सोडून. निकाल आला ६६६. पुस्तकवाल्यांचे एक म्हणणे मात्र यातून खरे ठरते: यंत्र नेहमीच निर्दोष नसते. पण तो दोष ज्याने घातला त्यालाच ठाऊक असतो, पाठीमागचा तक्ता वाचणाऱ्याला नव्हे.

प्रामाणिकपणे दैवावर मात केल्याचा माझा आवडता किस्सा टोरांटोच्या मोहन श्रीवास्तव यांचा. खाणीत सोने कुठे किती असेल याचे संख्याशास्त्रीय अंदाज बांधणारा हा माणूस. २००३ साली खरवडायच्या एका तिकिटावर उघड छापलेल्या आकड्यांत फक्त एकदाच आलेले आकडे एका ओळीत तीन दिसले की तिकीट बहुधा बक्षिसाचे असते, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी न खरवडलेली वीस तिकिटे लॉटरी महामंडळाकडे पाठवली. वीसपैकी एकोणीसांचा निकाल अचूक निघाला. पुढच्या सोडतीवर घेतलेली परीक्षा म्हणजे हीच! बाकी १९९२ साली व्हर्जिनियात स्टेफान मांडेल यांच्या गटाने किंवा पुढे मॅसॅच्युसेट्सच्या कॅश विनफॉलमध्ये काही मंडळींनी कमाई केली ती भाकितावर नव्हे, नियमांतल्या फटीवर आणि ढिगाने तिकिटे घेण्यावर.

एक शेवटचा मुद्दा वर्गणीवाल्या सेवांच्या मुळावर येतो. १४ जानेवारी १९९५च्या ब्रिटिश लॉटरीत सहाही आकडे १३३ जणांचे जुळले. सुमारे एक कोटी साठ लाख पौंडांचे वाटे झाले आणि प्रत्येकाच्या हाती १,२२,५१० पौंड पडले. माणसांना 'चांगले' वाटणारे आकडे सगळ्यांनाच चांगले वाटतात. आता एकच सेवा हजारो वर्गणीदारांना तेच सहा आकडे देत असेल, तर ते चुकून लागले तरी जॅकपॉटचे चतकोर तुकडे होणार. जिंकण्याची शक्यता तेवढीच, वाटेकरी मात्र हजार. डब्यातल्या चिठ्ठ्या निदान काकूंच्या एकट्यांच्या होत्या.

काकांनी बेत सोडला, आणि मित्रांनाही तसे कळवले. वर्गणी रद्द करण्यासाठी लिहिलेल्या पत्राला सेवेकडून उत्तर आले ते असे: आपण थांबता आहात, पण आमच्या गणनेप्रमाणे पुढचे तीन महिने आपल्यासाठी विशेष अनुकूल आहेत. काकांनी ते पत्र मला दाखवले आणि विचारले, "हे भाकीत तपासायला किती सोडती लागतील?" मी म्हटले, "सव्वीस." डबा अजून त्यांच्या ओट्यावर आहे; दर शनिवारी एक तिकीट, आकडे काकूंचे.